निगेटिव्ह आईची निगेटिव्ह मुलगी

रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ छापलेलं वाचून मी खूश झाले होते.

माझा रक्तगट बी निगेटिव्ह. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा तो कळला आणि वहीत कुणी लाल शाईनं शेरा मारावा तसा तो शब्द मला लागला होता. म्हणून दुसऱ्या वेळी, चौथ्या महिन्यात, कूम्ब्स नावाच्या तपासणीपुढे ‘पॉझिटिव्ह’ दिसलं तेव्हा वाटलं, चला, काहीतरी सुधारलं. मी उल्हासनगरला एका मॅचिंग सेंटरमध्ये काम करते. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. दुकानाच्या मालकिणीला, जिला अख्खं मार्केट आंटी म्हणतं, मी तो दाखवला. सिंधी बाई, साठीच्या पुढची. चष्मा वर सरकवून तिनं बघितलं आणि म्हणाली, “पॉझिटिव्ह है तो अच्छा ही है ना, बेटा.” त्यावर आम्ही दोघींनी चहा घेतला.

संध्याकाळी बदलापूरला डॉक्टरीणबाईंनी तोच रिपोर्ट बघितला आणि हातातलं पेन खाली ठेवलं. याआधी काही झालं होतं का, म्हणून विचारलं. मी सांगितलं की दीड वर्षापूर्वी अडीच महिन्यांचं पडलं होतं. कुठे दाखवलं, तर बेलवलीत एक छोटा दवाखाना होता, तिथे. आता तो बंदही झालाय.

“तेव्हा इंजेक्शन दिलं होतं का? तुम्ही निगेटिव्ह आहात म्हणून एक खास इंजेक्शन असतं. बाळ पडल्यावर बहात्तर तासांच्या आत घ्यायचं असतं.”

मला आठवत होतं ते एवढंच, की तिथल्या बाईनं ‘सगळं साफ झालंय, आठवडाभर आराम करा’ म्हणून सांगितलं होतं. माझा रक्तगट घरी कपाटात, साड्यांच्या खाली, पहिल्या तपासणीच्या कागदावर होता. त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही. सांगायचा असतो हे मला कुठे ठाऊक होतं?

डॉक्टरीणबाईंनी मग शांतपणे समजावलं. माझ्या रक्तात एक गोष्ट नाही. माझ्या नवऱ्याच्या रक्तात ती आहे, आणि बाळानं बहुतेक ती बापाकडून घेतलीय. गेल्या वेळी त्या पडलेल्या बाळाचं थोडं रक्त माझ्या रक्तात मिसळलं असणार. तेव्हापासून माझ्या शरीरानं त्या गोष्टीला परकं ठरवलंय आणि तिच्याविरुद्ध हत्यारं तयार केलीत. ती हत्यारं आता नाळेतून बाळापर्यंत जातात आणि त्याचं रक्त फोडतात. इंजेक्शन आता घेऊन उपयोग नाही, ते ओळख पटायच्या आधी घ्यायचं असतं. आता फक्त लक्ष ठेवायचं. दर पंधरा दिवसांनी तपासणी, आकडा किती वाढतो ते बघायचं.

नवरा शेजारी बसून ऐकत होता. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. प्रत्येक गोष्टीची पातळी आणि तिची लाल रेघ त्याला माहीत असते. त्यानं विचारलं, “किती झाला की धोका?” डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक आकडा लिहून त्याच्याभोवती गोल केला. मग माझ्याकडे वळल्या.

“तुमच्या आईला किती मुलं?”

“दोन. मी आणि मोठा भाऊ.”

“मधे कुठली गेली होती का? जन्मल्यावर कावीळ होऊन वगैरे?”

“नाही,” मी म्हणाले.

हे का म्हणाले, ते मी अजून स्वतःला विचारते. खरं म्हणजे आम्ही पाच असायला हवे होतो.

माझं माहेर बारवी धरणाच्या बाजूला, डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यावर. भातशेती, पावसाळा सरला की वाल, बाकीच्या दिवसांत जमेल ती मजुरी. भावानंतर एक मुलगी झाली ती तिसऱ्या दिवशी गेली. मग मी. पहिली गेल्यामुळे माझं नावही मुद्दाम ओबडधोबड ठेवलेलं, नजर लागू नये म्हणून. शाळेत घालताना गुरुजींनी ते बदललं. माझ्यानंतर एक मुलगा, तो चार दिवस जगला. आणि त्यानंतर सातव्या महिन्यात एक, तो मेलेलाच जन्मला. पाड्यावर मला म्हणायचे, हिनं पाठचे खाल्ले. आईला काय काय म्हणायचे ते मला मोठी झाल्यावर कळलं.

तो चार दिवसांचा मुलगा मला आठवतो. मी पाच वर्षांची असेन. त्याला हळद लावलीय असं मला वाटलं होतं. मी बोटानं पुसून बघितलं आणि बोट नाकाला लावलं. हळदीचा वास आला नाही. दिवसा त्याला अंगणात कोवळ्या उन्हात ठेवायचे. कावीळ उतरावी म्हणून कुणीतरी गळ्यात काड्यांची माळ घातली होती. तिसऱ्या दिवशी तो दूध ओढेना. चौथ्या दिवशी पाठीतून मागे वाकला, तसाच ताठ राहिला. बापानं जीप बोलावली. जीप पाड्यावर पोचली तेव्हा तो गेला होता. आईच्या चोळीवर दुधाचे ओले गोल होते, तिला पदर घ्यायचंही भान नव्हतं. बाया बाजूला बसल्या होत्या, पण कुणी तिला हात लावत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना ‘नाही’ म्हणून मी बाहेर आले ती तिथून पुढे दोन महिने धड एका जागी बसले नाही. दुकानात मी काउंटरच्या आत असायची, पण सारखी उठायची. घडी घातलेले ताके उगाच उतरवून परत घडी घालायची. आंटी स्टूल ओढून द्यायची, मी दोन मिनिटं टेकायची आणि परत उभी. सुट्टीच्या दिवशी बदलापुरातल्या आमच्या हेंद्रेपाड्यातल्या घरापासून नदीपर्यंत चालत जायची, नदी न बघताच परत फिरायची. आकडा आधी आठ आला, पंधरा दिवसांनी सोळा. नवरा म्हणायचा, अजून रेघेच्या खाली आहे. पण आकडा चढतोय हे त्यालाही दिसत होतं, आणि तो कामावरून आल्या आल्या माझ्या तोंडाकडे बघायचा.

मला आई हवी होती, आणि आई येत नव्हती.

लग्न झाल्यापासून ती महिन्यातून एकदा तरी यायची. भाजी घेऊन बसनं बदलापूरला उतरायची, विकून झालं की उरलेल्या शेंगा, मुळे माझ्याकडे. मला दिवस गेल्याचं कळवलं त्या महिन्यापासून ती यायची बंद झाली. पहिल्या वेळीही असंच केलं होतं, तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं. आता मात्र लागलं. तांदूळ, नाचणी, सुकवलेले वाल सगळं येत होतं, पण शेजारच्या रिक्षावाल्याच्या हाती. फोनवर ती दोन वाक्यं बोलायची आणि ठेवायची. पाचव्या महिन्यात चोरओटी भरायची म्हणून बोलावलं, तर म्हणाली, चुलतीला सांग, ती भरील.

सोळाचा आकडा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून पाड्यावर गेले. आई अंगणात वाल निवडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिलं काय केलं, तर उठून चार हात मागे सरकली. मी विचारलं की मी काय केलंय, तू का येत नाहीस. तिनं वालाच्या दाण्यांकडे बघितलं. मग म्हणाली, “माझी सावली नको तुझ्यावर. तुझी आजी बोलायची, हिच्या दुधात काय हाय. तुझं नीट होऊ दे. मंग येन.”

तेव्हा मला कळलं. चुलतीच्या मुलांच्या बारशांना ती कधी का गेली नाही, भावाला मुलगा झाला तेव्हा त्याच्याकडे तळोज्याला जाऊन दारातूनच का परत आली. मी ते सगळं तिच्या कोरड्या स्वभावात टाकलं होतं.

मी तिला माझी गोष्ट सांगितली. रक्ताची, आकड्याची, बाळाला कावीळ होऊ शकते ती. कावीळ शब्दावर तिनं मान वर केली.

“पिवला व्हनार?”

“होऊ शकतं.”

“मंग माझ्यावरनंच गेला तुझ्यात,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. आई रडताना आवाज करत नाही, नुसती नाक पुसत राहते.

मी तिला शपथ घातली आणि एक थाप मारली. म्हणाले, डॉक्टरला बाळासाठी तुझं रक्त तपासायला हवंय, त्याशिवाय पुढचं औषध नाही. खरं तर डॉक्टरीणबाईंनी असं काही मागितलं नव्हतं. मी तर त्यांना आईनं तीन मुलं गमावली हेही सांगितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी ती आली. स्टेशनजवळच्या लॅबमध्ये खुर्चीच्या अगदी कडेला बसली. रक्त काढणाऱ्या मुलीनं, “मावशी, मूठ वळा,” म्हटलं तर तिनं दोन्ही हातांच्या वळल्या. सुई टोचताना तिनं बघितलं, मान फिरवली नाही. थोड्या वेळानं मुलगी कागद घेऊन आली आणि मोठ्यानं वाचलं, “बी निगेटिव्ह.” आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “माझंच आहे, आई. तुझं माझं एक.”

तो कागद घेऊन आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी आधी माझं खोटं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आईला समोर बसवलं आणि एकेका मुलाचं विचारलं. पहिलं कसं झालं, दुसरी कधी पिवळी पडली, मुलगा किती दिवसांचा होता. आई उत्तरं देत होती. तिला सगळं पाठ होतं, कोणत्या दिवशी कुठपर्यंत पिवळं होतं तेसुद्धा. आधी तोंड, मग छाती, मग पोट. पायाच्या तळव्यांना आलं की गेलं. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, आमच्या पुस्तकात अगदी असंच आहे.

मग त्यांनी सांगितलं. भावाचा गट बापासारखा पॉझिटिव्ह, पहिला म्हणून तो सुटला, पण त्याच्या जन्माच्या वेळी आईच्या रक्ताला ओळख पटली. पुढची तिघं पॉझिटिव्ह असणार, म्हणून गेली. आणि मी मधे जगले, कारण मी आईसारखी निगेटिव्ह होते. माझ्यावर तिच्या रक्तानं हत्यार उचललं नाही. यात करणी नाही, दूध नाही, सावली नाही, कुणी कुणाला खाल्लेलं नाही.

मला वाटलं आई आता रडेल, किंवा सुटल्यासारखा श्वास सोडेल. मी तिचा हात धरायला पुढे झाले होते. ती डॉक्टरीणबाईंकडे बघत होती.

“ती सुई,” ती म्हणाली, “तवा व्हती का?”

डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं, आईला कुठे कळणार होतं. पण त्या म्हणाल्या, “होती, मावशी. मोठ्या हॉस्पिटलात मिळत होती.”

“उल्हासनगरला?”

“उल्हासनगरलाही असेल.”

आई उठली आणि बाहेर जाऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली. मी मागे गेले तर म्हणाली चहा आण. चहा आणला, तो तिनं प्यायला नाही. रस्त्याकडे बघत बसली. उल्हासनगरला ती तेव्हा दर आठवड्याला जायची, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन. ते बोलायची गरज नव्हती, आम्हा दोघींनाही तेच दिसत होतं. मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज चढला. “मी तर अडानी. तू शिकलीस ना? शहरात ऱ्हातेस ना? मंग तुना कशी नाय भेटली ती सुई?”

तिचा गार झालेला चहा मी टपरीवर परत देऊन आले.

पण त्या दिवशी ती पाड्यावर परत गेली नाही. हेंद्रेपाड्यातच राहिली, बाळंतपण होईपर्यंत आणि पुढेही. देवावरची तिची श्रद्धा मात्र तिळभर हलली नाही. मी जगले म्हणून ती दर महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात जाते. मी चिडून म्हणाले, देवाचं काय त्यात, मी निगेटिव्ह होते म्हणून जगले. ती म्हणाली, “मंग माझाच रगत तुना कोनी दिला?”

आकडा बत्तीसवर गेला. मग नुसत्या रक्ताच्या तपासण्या थांबल्या आणि सोनोग्राफी सुरू झाली, तीही मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला वेग मोजायचे. बाळाचं रक्त पातळ झालं की ते जोरात पळतं, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. पडद्यावर लाल-निळं काहीतरी लपलपायचं, आणि मी तोंडातल्या तोंडात ‘हळू, हळू’ म्हणत पडलेली असायची. प्रत्येक वेळी तो आकडा एका रेघेच्या जवळ जायचा आणि खालीच राहायचा. फार वर गेला तर पोटातच बाळाला रक्त चढवावं लागेल, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्या दिवसांत आई मला एका जागी बस म्हणायची नाही. मी उठले की तीही उठायची, माझ्या मागे मागे स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत. नवरा म्हणायचा, दोघींनी फरशी झिजवली.

पस्तिसाव्या आठवड्यात वेग रेघेच्या वर गेला. डॉक्टर म्हणाले, आता आत ठेवण्यापेक्षा बाहेर काढलेलं बरं. आदल्या आठवड्यात बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देऊन झालीच होती. सिझेरियन केलं. सकाळी अकराच्या सुमारास मुलगी झाली. रडली. मला दाखवली तेव्हा ती पिवळी नव्हती, फिकी होती, धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखी. तिला लगेच घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत पिवळी पडली.

मी दिवसभर रंग जुळवून देणारी बाई. लिंबू, हळदी, आंबा, मोहरी, शेडकार्डावरचे पिवळे मी डोळे मिटून सांगते. पण नवऱ्यानं मोबाइलवर काढलेला तो फोटो मी एकदा बघितला आणि परत बघितला नाही.

टाके असल्यामुळे मला पहिल्या दिवशी तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं. नवजात बाळांच्या त्या खोलीत एका वेळी घरची एकच बाई सोडायचे. नवरा आईला म्हणाला, तुम्ही जा. आई म्हणाली, मी नको, दुसरं कोन बघा. दुसरं कोण असणार? तिथली नर्स, केरळची होती पण मराठी चांगली बोलायची, तिनं आईच्या हातात निळा गाऊन दिला. “आजी, लवकर घाला. बाळ एकटी आहे.” त्या ‘एकटी’ शब्दानं आईनं गाऊन घातला, असं ती मला पुढे म्हणाली.

आत मुलीला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्यांखाली ठेवलं होतं. आईला शिवायची भीती वाटली. ती काचेच्या पेटीपाशी उभी राहिली आणि बघत राहिली. नर्सनं स्टूल दिलं तर त्यावर पिशवी ठेवली आणि स्वतः उभीच. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नर्सला हाक मारली आणि म्हणाली, “बाय, दिवा जरा बंद कर. पाय बघ. तलव्याला आली.” नर्सनं दिवा बंद करून तळवा अंगठ्यानं दाबला. रक्ताची पुढची तपासणी तशीही दोन तासांत होणारच होती, ती त्यांनी तेव्हाच केली. काविळीचा आकडा बराच चढला होता. डॉक्टरांनी ठरवलं की रक्त बदलायचं. बाळाचं थोडं काढायचं, दुसऱ्याचं थोडं घालायचं, असं करत करत जवळजवळ सगळं.

ओ निगेटिव्ह लागणार होतं. हॉस्पिटलच्या रक्तपेढीत एक पिशवी होती ती त्यांनी दिली, पण पुढे लागलं तर म्हणून आणखी दाते बघायला सांगितलं. नवऱ्यानं कंपनीत फोन लावले. मी पडल्या पडल्या आंटीला कळवलं. आंटीनं त्यांच्या समाजाच्या ग्रुपवर टाकलं, आणि तासाभरात उल्हासनगरचे एक गृहस्थ नवऱ्याला फोन करून मुंबईला निघालेसुद्धा. त्यांचं पापडाचं दुकान आहे. ते आले, रक्त दिलं, बिस्कीट न खाता गेले, कारण दुकान उघडंच टाकून आले होते. मी त्यांना बघितलेलं नाही. पुढे आंटीबरोबर घरी जाऊन आभार मानू म्हटलं, तर त्यांनी निरोप पाठवला की मुलगी चालायला लागली की दुकानात आणा.

रक्त बदलायला दोनेक तास लागले. आई दाराबाहेर उभी होती. तिला मी नंतर विचारलं, त्या वेळी मनात काय होतं. मला वाटलं देवाचं नाव घेत असेल. ती म्हणाली, जीप. जीप कुठून यायची ते आठवत व्हती. पाड्यावरून चालत निघाले असते तर किती वेलात पोचले असते, तेच मोजत व्हती.

पुढच्या सकाळी आकडा उतरला. तिसऱ्या दिवशी मला चालता आलं आणि मी आत गेले. आई पेटीच्या भोकातून हात घालून उभी होती. मुलीनं तिचं बोट धरलं होतं. मी आल्यावर आईनं बोट काढून घ्यायला बघितलं, मी म्हणाले असू दे.

बारा दिवसांनी आम्ही घरी आलो. लोकांना वाटलं सगळं निस्तरलं. तसं नव्हतं. माझ्या रक्तातली हत्यारं तिच्या अंगात अजून काही आठवडे राहणार होती, त्यामुळे दर आठवड्याला तिचं हिमोग्लोबिन बघायला न्यायचं. सहाव्या आठवड्यात ते बरंच खाली गेलं आणि पुन्हा एकदा थोडं रक्त चढवावं लागलं. पाय बघायची सवय मला लागली ती लागलीच. आंघोळ घालताना, लंगोट बदलताना, कुणाच्या मांडीवर असली तरी मी मधेच तळवा दाबून बघायची. नातेवाईक हसायचे. आई हसायची नाही, तीही बघायची. बारशाला आई थांबली, पाच बायांना जेवायला वाढलं, पण पाळण्याची दोरी काही तिनं धरली नाही. मी आग्रह केला नाही. एका कागदानं तीस वर्षं पुसली जातात असं मला तेव्हा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

मुलगी आता अडीच वर्षांची आहे. कान तपासून घेतले, चांगले आहेत. कावीळ फार चढली तर कानांवर जाते म्हणून ती धाकधूक होती. घरभर पळते, एका जागी बसत नाही. नवरा म्हणतो, पोटात असल्यापासून आईनं हेच शिकवलंय.

गेल्या पावसाळ्याअखेर आई पाड्यावर होती तेव्हा तिचा सकाळी फोन आला. शेजारच्या घरातली नवी सून, वीस-एकवीस वर्षांची, तिचं तीन महिन्यांचं पडलं होतं. आदल्या दिवशी. घरचे म्हणत होते, रक्त थांबलंय, आता कशाला डॉक्टर. आई त्यांच्याशी भांडून आली होती. मला विचारत होती, काल दुपारपासून धरलं तर किती तास उरले? मी हिशेब करून सांगितलं की वेळ आहे, पण आजच आण. त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं. माझ्या आजीच्या वेळी आईबद्दल सगळ्यांत जास्त बोललेलं घर ते. आईनं रिक्षा बोलावली, त्या मुलीला आणि तिच्या सासूला घातलं आणि बदलापूरला डॉक्टरीणबाईंकडे आणलं. मी उल्हासनगरहून सुट्टी टाकून पोचले तेव्हा तिघी बाकावर ओळीनं बसल्या होत्या. रिपोर्ट यायचा होता. सासू सारखी घड्याळाकडे बघत होती. आई उभी राहायची, दारापर्यंत जायची, परत यायची.

रिपोर्ट आला. मुलगी ओ पॉझिटिव्ह निघाली. त्या सुईची गरजच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जायला सांगितलं. सासू बाहेर आल्यावर म्हणाली, उगाच धावपळ झाली. मला आईची कणव आली, वाटलं आता हिचं तोंड उतरेल.

आई म्हणाली, “उगाच कशी? विचारला, कलला.” मग त्या मुलीला म्हणाली, “कागद साडीत ठेवू नको गं. घरात सगल्यांना वाचून दाखव.”

दुसऱ्या मुलाचं आमचं अजून ठरत नाही. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वेळी हे आणखी लवकर आणि आणखी जोरात सुरू होऊ शकतं. पण उपचार आहेत, बायका यातून जातात. नवरा म्हणतो, एक पुरे. मी एक दिवस पुरे म्हणते आणि दुसऱ्या दिवशी मला दुसरं हवं असतं. आईला विचारलं तर ती नुसती उठते आणि कामाला लागते.

परवा पापडवाल्यांकडे जाऊन आलो. मुलगी त्यांच्या दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली, बरण्या हलवून बघितल्या, आणि त्यांनी दिलेला पापड अर्धा खाऊन अर्धा त्यांच्याच हातात परत दिला. त्यांनी तो खाल्ला.